मागच्या गाडीचा हॉर्न

बरीच वर्षं मी लोकांना सांगत आलो की माझ्या मिस्त्रीनं मला दगा दिला. गॅरेज दोघांनी मिळून उभं केलं, नाव झालं, आणि ऐन कामाच्या दिवसांत तो मला सोडून धुळ्याला दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये जाऊन उभा राहिला. हे मी सोयऱ्यांत सांगितलं, लग्नांच्या पंगतीत सांगितलं, मुलांना सांगितलं. सांगताना मी नाटक करत नसायचो. मला खरोखरच फसवलं गेल्यासारखं वाटायचं.

तो गेला, एवढं त्यातलं खरं आहे. का गेला ते मी कुणाला सांगितलं नाही. ते आता लिहितो.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. जळगावात नशिराबादच्या रस्त्याला आमचं पत्र्याचं गॅरेज होतं. जागा माझी, हत्यारं माझी, हात त्याचे. तो पारोळ्याकडचा. घरी अहिराणी बोलायचा आणि गॅरेजमध्येही तीच. माझ्याहून दोन-चार वर्षांनीच लहान असेल, पण मला ‘भाऊ’ म्हणायचा. मी त्याला ‘मिस्त्री’ म्हणायचो.

बंद पडलेली गाडी ओढून आणण्यात त्याच्यासारखा माणूस आमच्या भागात नव्हता. त्या काळी गाडी उचलून नेणारी क्रेन आमच्याकडे कुणी पाहिली नव्हती. जीप पुढे, दोर मध्ये आणि मोटार मागे, असंच काम चालायचं. लोक हे काम कसंही करत. दोर मिळेल तो, बांधायचा बंपरला, आणि निघायचं. त्याचे मात्र नियम होते. दोर तीन पुरुष, म्हणजे पंधरा-सोळा फूट लांब हवा. बंपरला नाही, चासीच्या हुकाला बांधायचा. जीपच्या उजव्या हुकापासून मोटारीच्या डाव्या हुकाला न्यायचा, म्हणजे मागची गाडी थोडी उजवीकडे सरकते आणि मागच्याला पुढचा रस्ता दिसतो. दोराच्या मध्यावर लाल फडकं, नाहीतर सायकलवाला दोन गाड्यांच्या मधून घुसतो. त्यासाठी माझ्या बायकोचं एक जुनं लाल लुगडं आम्ही फाडून ठेवलं होतं. मागच्या मोटारीची किल्ली लावून फिरवलेली हवी, नाहीतर स्टिअरिंगला कुलूप बसतं. आणि त्या मोटारीत दुसरं कुणीही बसवायचं नाही, मालक असला तरी.

सगळ्यांत मोठा नियम वेगळाच होता. पुढच्यानं फक्त ओढायचं. ब्रेक मागच्याचा. उतारावर मागचा हलका ब्रेक धरून दोर ताठ ठेवतो. पुढच्यानं अचानक ब्रेक मारला की मागची गाडी त्याच्यावर आलीच. म्हणून वेग किती ठेवायचा ते मागचा ठरवतो आणि हॉर्ननं सांगतो. एक हॉर्न म्हणजे हळू. लागोपाठ हॉर्न म्हणजे थांब.

“दोर बांधा का पुढला मालक नही भाऊ,” तो हसत म्हणायचा. “तठलोंग मी मालक शे. जळगाव उनं का मंग तुम्ही.” म्हणजे जळगाव येईपर्यंत मालक तो, मग मी.

निघण्याआधी तो मागच्या गाडीचा हॉर्न वाजवून पाहायचा. वाटेत कुठे थांबलो तर पुन्हा निघताना पुन्हा वाजवायचा. मला ते जरा जास्तच वाटायचं.

सावद्याला केळीचा व्यापार करणारे एक नाना होते. सात-आठ ट्रक होते त्यांचे. त्या ट्रकांचं काम आपल्याकडे यावं म्हणून मी वर्षभर त्यांच्या मागे होतो. त्यांची पांढरी मोटार धुळ्याला देवपुरात त्यांच्या व्याह्यांच्या दारात बंद पडली. क्लचप्लेट गेली होती. धुळ्यातला कुणीही ती करून देऊ शकला असता. पण नानांनी मला निरोप पाठवला. मला वाटलं, ही परीक्षा आहे. मोटार नीट आणून दाखवली की ट्रकही आपलेच.

सकाळी आम्ही जीप घेऊन देवपुरात पोचलो. मिस्त्रीनं दोर बांधला, फडकं बांधलं, हॉर्न वाजवला. खणखणीत वाजला. व्याह्यांच्या ओट्यावरच्या बायका कानांवर हात ठेवून हसल्या. निघताना त्यानं मला बजावलं, “जीपनी बॅटरी मरेल शे. एरंडोलले थांबसूत, पण इंजिन बंद करानं नही.”

जीपची बॅटरी महिनाभर दगा देत होती. नवी घेऊ, नवी घेऊ म्हणत मीच टाळत होतो.

फागणे, मुकटी, पारोळा. काही अडलं नाही. एरंडोलला त्याची बहीण दिली होती. तिच्यासाठी त्यानं धुळ्याहून काहीतरी घेतलं होतं, ते द्यायला तो गल्लीत गेला. “पंधरा मिनिटं,” म्हणाला. मी लिंबाखाली जीपमध्ये बसलो. ऊन मरणाचं होतं. इंजिन तापून आतून भट्टीसारखी धग येत होती. पाच मिनिटं मी सोसली आणि मग इंजिन बंद केलं. का केलं, याला कारण नाही. गाडी माझी होती आणि मला गरम होत होतं.

पंधरा मिनिटं होत आली तेव्हा किल्ली फिरवली. नुसती टकटक झाली. पुन्हा फिरवली, तीही बंद.

आता तो येणार, बघणार आणि म्हणणार, “सांगं होतं ना भाऊ?” दोर सोडायचा, जीप ढकलायची, पुन्हा दोर बांधायचा. त्याचं ते हसणं मला नको होतं. एवढीच गोष्ट. एवढ्यासाठी मी पाना काढला. मोटारीची चांगली बॅटरी जीपमध्ये टाकली आणि जीपची मेलेली मोटारीत. मागची गाडी तर ओढतच न्यायची आहे, इंजिन बंदच आहे, तिला बॅटरी हवी कशाला? हे मी त्या वेळी मनात म्हटलेलं वाक्य आहे. जन्म गॅरेजमध्ये काढलेल्या माणसाचं वाक्य. हॉर्न मला आठवलाच नाही असंही नाही. आठवला, आणि मी पुढे म्हटलं, पंचवीस-तीस किलोमीटर तर राहिलेत.

जीप सुरू झाली. तो गल्लीतून तोंड पुसत आला. बहिणीनं काहीतरी खायला घातलं असावं.

“बंद नही ना करी?”

“नाही रे. चल, नाना गॅरेजवर वाट बघत असतील.”

तो मोटारीत बसला. दार लावत होता, तोवरच मी गिअर टाकला. हॉर्न वाजवून पाहायला मी त्याला वेळच दिला नाही.

पाळधी मागे पडली. पुढे गिरणेच्या पुलाकडे रस्ता उतरतो. उताराला लागलो आणि मला जाणवलं की दोर ताठ नाही. मागची गाडी जवळ येतेय. मी आरशात पाहिलं. जीपचा आरसा थरथरत होता, तरी स्पष्ट दिसलं. मिस्त्री सीटवरून पुढे झुकला होता, तोंड उघडं होतं, आणि उजव्या हाताच्या तळव्यानं तो स्टिअरिंगच्या मधोमध मारत होता. एकदा. दोनदा. तीनदा. चौथ्यांदा त्यानं मूठ मारली.

तो हॉर्न वाजवत होता. आवाज नव्हता.

मोटारीचा ब्रेक तापून पाय खाली जात होता, हे नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच कळलं की तो थांब म्हणतोय. आणि त्याच वेळी समोर पुलाच्या तोंडाशी मेंढरं आली. सगळा रस्ता भरून. मी ब्रेक मारला. पुढच्यानं कधीही मारू नये तसा, दोन्ही पायांनी.

मोटार जीपच्या मागे आदळली, दोर तिच्या चाकाखाली गेला आणि ती डावीकडे वळून बाभळीला धडकली.

मिस्त्री शुद्धीवर नव्हता. कपाळ फुटलं होतं, डावा हात कोपराखाली वेगळ्याच दिशेला वळला होता. मेंढपाळानं आणि मी त्याला बाहेर काढलं. मागून एक टेम्पो आला, त्यात त्याला घातलं. टेम्पोवाला म्हणाला, “चला भाऊ, बसा.” मी म्हणालो, “गाड्या अशा रस्त्यात कशा सोडू? तुम्ही व्हा पुढे, सिव्हिलला न्या, मी आलोच.”

माझा माणूस रक्तबंबाळ होऊन टेम्पोत पडला होता आणि मी गाड्यांजवळ थांबलो.

टेम्पो पुलावरून दिसेनासा झाला तसा मी पाना काढला. मोटारीचं बॉनेट वाकलं होतं, पण उघडलं. मेंढपाळ मेंढरं गोळा करत होता. त्यानं विचारलं, “काय करी राहिनात भाऊ?”

“बॅटरी चोरीला जाते अशा जागी,” मी म्हणालो.

चांगली बॅटरी मोटारीत, मेलेली जीपमध्ये. जिथल्या तिथे. वायरी घट्ट केल्या. हातांना त्याचं रक्त होतं, ते बॅटरीवर लागलं, तेही पुसलं.

टेम्पोवाल्यानं गॅरेजवर कळवलं असावं, तासाभरानं नाना आले. मोटारीभोवती एक फेरी मारली. “कसं झालं?”

“उतारावर त्यानं ब्रेकच धरला नाही नाना. हॉर्नही दिला नाही. मला कळणार कसं?”

नानांनी खिडकीतून हात घालून हॉर्न दाबला. तो असा वाजला की खाली नदीत धुणं धुणाऱ्या बायकांनी वर पाहिलं.

“हॉर्न तर वाजतोय,” नाना म्हणाले.

“ऊन होतं. एरंडोलला बहिणीकडे जेवला होता. डुलकी लागली असेल,” मी म्हणालो.

नाना म्हणाले, “असे झोपाळू लोक कशाला ठेवता?” आणि तेवढ्यात प्रकरण संपलं. ट्रक आमच्याकडे आले.

मिस्त्री दोन महिन्यांनी गॅरेजवर परत आला. हात वाकडाच बसला होता. डोक्याला मार लागल्यामुळे त्याला त्या दुपारचं काही आठवत नव्हतं. मी देवाचे आभार मानले होते, हेही लिहून टाकतो.

गॅरेजसमोर चहाची टपरी होती. ड्रायव्हर, क्लीनर, आसपासचे दुकानदार, सगळे तिथेच असत. माझ्या तोंडची गोष्ट त्यांच्या तोंडी गेली होती.

“मिस्त्री, उशी देऊ का?”

“अरे, हळू बोला रे, मिस्त्री उठतील.”

“भाऊ, याला गाडी ओढायला पाठवू नका. खाट ओढायला पाठवा.”

पहिल्या दिवशी तो माझ्याकडे बघत होता. मी काहीतरी बोलेन असं त्याला वाटलं असावं. मालक होतो मी, एका शब्दात सगळे गप्प बसले असते. मी हसलो. खाटेचा विनोद खरंच जमला होता, आणि मी हसलो. त्यानं मान खाली घालून बशीतला चहा संपवला.

त्यानंतर आमच्याकडे असेपर्यंत तो मागच्या गाडीत कधी बसला नाही. कुणी गाडी ओढून आणायला बोलावलं की म्हणायचा, “दुसरं कोनले पाठाडा. माले झोप लागस.”

चार-सहा महिन्यांनी एका दुपारी तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. हात धुतलेले होते. कामाच्या वेळी त्याचे हात धुतलेले मी कधी पाहिले नव्हते.

“भाऊ, एकच सांगा. माले पाळधी गाव दिखनं, तठलोंग याद शे. पुढलं काहीच नही. तुमले हॉर्न ऐकू उना होता का?”

मी त्याच्या डोळ्यांत पाहून सांगितलं, “नाही.”

हे खरं होतं. असं खरं बोलण्यापेक्षा खोटं बोललो असतो तर बरं झालं असतं.

“मंग मीच वाजाडा नही व्हई,” तो म्हणाला. आणि पुढच्या आठवड्यात धुळ्याला निघून गेला.

मला राग आला. ट्रकांचं काम अंगावर पडलं होतं आणि हा चालला होता. त्या रागातच मी ‘दगा’ हा शब्द पहिल्यांदा वापरला. तो तोंडात इतका बसला की पुढे मलाच तो खरा वाटू लागला.

नव्वदचं दशक निम्मं उलटलं होतं. मी नाशिकहून येत होतो. आता माझी स्वतःची मोटार होती. धुळं ओलांडून फागण्याजवळ आलो आणि ती बंद पडली. रस्त्यावरच्या ढाब्यावरून कुणीतरी देवपुरातल्या गॅरेजला निरोप दिला. अर्ध्या तासानं जीप आली आणि तिच्यातून तो उतरला.

केस पिकले होते. वाकडा हात तसाच. मला पाहून त्यानं आधी मोटारीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“भाऊ, बरं शे ना?”

“बरं आहे. तू ओढायला येतोस अजून?”

“करनं पडस. आज दुसरा माणूस नही.”

त्यानं दोर बांधला. उजव्या हुकापासून डाव्या हुकाला. लाल फडकं बांधलं. हॉर्न वाजवून पाहिला. मग खिशातून सुतळीचं भेंडोळं काढलं, एक टोक जीपच्या मागच्या उघड्या बाजूनं पुढे आणून माझ्या दंडाला बांधलं आणि दुसरं मोटारीच्या खिडकीतून आत घेऊन स्वतःच्या.

“हे काय?”

“तुम्ही पुढे बसा. रस्त्यावर किलोमीटरना दगड लागस. दर दगडले एक झटका द्या. मी परत झटका देसू. नही दिना, तं समजा माले झोप लागनी. हळूच थांबी जा.”

तो हे अगदी सहज म्हणाला. दोर कसा बांधायचा हे सांगावं तसं. आपल्या रोगावर त्यानं शोधलेला तो उपाय होता. रोग मी दिलेला.

मी निघालो. पहिला दगड आला, मी दंड हलवला. लगेच झटका परत आला. आरशात पाहिलं तर तो ताठ बसून डोळे ताणून रस्त्याकडे बघत होता. दुसरा दगड. तिसरा. दर वेळी झटका परत यायचा, लगेच, जणू तो त्याची वाटच बघत होता. धुळ्याचा अमुक किलोमीटर, तमुक किलोमीटर. मी दगड मोजत नव्हतो, पण सुतळी मोजत होती. पांझरेच्या पुलाच्या अलीकडे मला पुढे जाववेना. हात दाखवला, हळूहळू कडेला घेतलं आणि उतरून त्याच्या खिडकीशी गेलो.

सगळं सांगितलं. एरंडोलचं ऊन, बंद केलेलं इंजिन, बॅटरी, मेंढरं, परत बदललेली बॅटरी. सुतळी अजून दोघांच्या दंडाला होती. मी बोलताना हात हलवला की त्याचा हात हलत होता.

तो स्टिअरिंगच्या मधोमध बघत राहिला. मग म्हणाला, “आरसामा दिखनं तुमले? मी हात मारी राहिंतू ते?”

“दिसलं.”

“कितीदा?”

“चारदा. तीनदा तळवा, मग मूठ.”

त्यानं उजवा हात उलटासुलटा करून पाहिला. “आठ-नऊ वरीस व्हयनात भाऊ. पोरगीले कधी सायकलवर बसाडं नही मी. ती रडे, शेजारना पोरं बापना मागे बसीसन शाळामा जायेत. मी म्हणू, नही, माले झोप लागी जाई.”

माफ कर म्हणालो असेन. त्यानं ते ऐकलं नाही.

“माले सांगीसन काय फायदा?” तो म्हणाला. “मी तं मागली गाडीमा व्हतू. ज्या हसनात, त्यासले सांगा. टपरीवर सांगा.”

“सांगतो.”

त्यानं आपल्या दंडाची सुतळी सोडली आणि खिडकीबाहेर टाकली. “चला. हॉर्न चालू शे.”

पुलावरून, देवपुरातून त्यानं मला त्याच्या मालकाच्या गॅरेजपर्यंत नीट आणलं. वाटेत दोनदा हॉर्न दिला. मी दोन्ही वेळा हळू झालो. दोर गुंडाळून तो आत निघून गेला, चहालाही थांबला नाही. माझ्या दंडाची सुतळी मी जळगावला आल्यावर सोडली.

टपरीवर मी आठवड्याभरात गेलो. सगळे होते. मी म्हणालो, “धुळ्याला मिस्त्री भेटला.”

“जागा होता का?” कुणीतरी विचारलं आणि सगळे हसले.

माझ्या हातात ग्लास होता. मी चहा पीत राहिलो. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. मग दिवाळीनंतर. मग टपरी रस्ता रुंदीकरणात गेली, माणसं पांगली, काही वारली, आणि मी स्वतःला सांगितलं की आता सांगायला कुणी उरलंच नाही.

गेल्या वर्षी मिस्त्री गेला. मी दहाव्याला देवपुरात गेलो. तीच मुलगी आता शाळेत शिकवते. मला पाणी देत ती तिथल्या लोकांना म्हणाली, “हे पप्पांचे जळगावचे मालक.” मग मला म्हणाली, “पप्पा तुमची आठवण काढायचे. म्हणायचे, मी त्या दिवशी झोपलो नव्हतो, भाऊंनी आरशात पाहिलंय.”

मी विचारलं, “मग?”

“मग काय काका? आम्ही हसायचो,” ती म्हणाली. “मम्मी म्हणायची, पाहिलं असतं तर त्यांनी कधी कुणाला सांगितलं नसतं का?”

तिथे, त्या सतरंजीवर, मी तिला सांगितलं. दहा-बारा माणसं ऐकत होती. कुणीतरी मोठ्यानं बोला म्हणालं, म्हणून पुन्हा सांगितलं. ती रडली नाही. तिनं माझ्या हातातला रिकामा पेला घेतला.

“हे लिहून द्या,” ती म्हणाली. “तोंडी नको. तोंडी तुम्ही पप्पांनाही सांगितलं होतं.”

म्हणून हे लिहिलं. त्याच्या मुलीनं ते तिच्या आईला वाचून दाखवावं, आणि त्या टपरीवरचं कुणी हयात असेल तर त्यानंही वाचावं. पाळधीच्या पुढे, गिरणेच्या उतारावर, माझा मिस्त्री जागा होता. त्यानं चार वेळा हॉर्न दाबला. तो वाजला नाही, कारण त्याची बॅटरी मी काढून घेतली होती.